उंबऱ्याच्या हातभर आत: घरच्या माणसांचं पोर्ट्रेट नैसर्गिक उजेडात कसं काढायचं

आजोबा गेले त्या रात्री आम्ही घरातले पाच-सहा जण फोटो शोधत बसलो होतो. दहाव्याला ठेवायला आणि पुढे भिंतीवर लावायला एक फोटो हवा होता. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये लग्नांचे, बारशांचे, सहलींचे हजारो फोटो होते. आजोबा त्यांतल्या बऱ्याच फोटोंत होते, पण कडेला, मागच्या रांगेत, डोळे मिटलेले, नाहीतर फ्लॅशने चेहरा पांढराफटक पडलेला. शेवटी एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून घेतला. खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो पुसला आणि मागे निळा रंग भरला. तोच फोटो आज भिंतीवर आहे. चष्मा कपाळावर सरकवून पेपर डोळ्यांजवळ धरणारे आमचे आजोबा त्यात कुठेच नाहीत.

त्यानंतर मी आजीपासून सुरुवात केली. मग आई, आत्या, शेजारचे काका, गावाकडे शेती बघणारे दादा. या कामासाठी मी आजवर एकही दिवा विकत घेतलेला नाही. खिडकी, दार, गॅलरी आणि अंगण एवढ्यावर भागतं. कॅमेरा असेल तर उत्तम, पण पुढे जे लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं साध्या मोबाइलवरही तितकंच लागू आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनावर घ्यायला हवी. आपण सहसा माणूस जिथे बसलाय तिथेच त्याचा फोटो काढतो. सोफ्यावर बसलेल्या बाबांचा सोफ्यावर, स्वयंपाकघरातल्या आईचा ओट्यापाशी. इथे क्रम उलटा करायचा. आधी उजेडाची जागा शोधायची, मग माणसाला तिथे बोलवायचं. चेहरा, कपडे, मागची भिंत, कॅमेरा या सगळ्याचा विचार त्यानंतर.

मूठ धरून घरभर फिरा

उजेड ओळखायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे स्वतःची मूठ. हात समोर लांब धरा, मूठ वळा, अंगठा वर ठेवा आणि जागेवरच सावकाश गोल फिरा. बोटांच्या पेरांवर सावल्या कशा पडतात ते बघा. एका दिशेला मूठ सपाट दिसेल, सगळीकडे सारखी उजळलेली. थोडं वळलात की एक बाजू उजळ, दुसरी हळूहळू गडद होत जाणारी दिसेल, पेरांचे उंचवटे उठून दिसतील. चेहऱ्यावरही हेच होणार आहे. नाक म्हणजे एक मोठं पेर समजा.

हे सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी साडेचारला असं एका सुट्टीच्या दिवशी तीनदा करा. आपल्याच घरात उजेड दिवसभरात कसा सरकतो हे बहुतेकांनी कधी बघितलेलं नसतं. आमच्या पुण्याच्या घरात सगळ्यात सुंदर उजेड कुठे मिळाला सांगू? जिन्याच्या वळणावर. तिथे समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवर सकाळी दहाला ऊन पडतं आणि ती अख्खी भिंत मऊ उजेड आत फेकते. बोळात, चाळीत, जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी हे नक्की शोधावं. ऊन स्वतःच्या खिडकीत यायलाच हवं असं नाही, समोरच्या भिंतीवर पडलं तरी काम होतं. फक्त त्या भिंतीचा रंग पांढरा किंवा फिकट हवा. भिंत पोपटी असेल तर चेहराही पोपटी होतो.

घरातले सगळे दिवे बंद करा

ही पायरी लोक विसरतात आणि मग फोटोत काहीतरी बिनसलंय एवढंच कळतं, काय ते कळत नाही. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा, जास्त तितका निळा) असतो, सावलीतला त्याहून निळसर, ७००० केल्विनच्या आसपास किंवा वर. घरातला पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा. दोन्ही एकदम चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर आणि दुसरा हळदीसारखा दिसतो. कॅमेरा एका वेळी एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून साधलेला रंगांचा तोल, धरू शकतो, त्यामुळे एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. तेव्हा ट्यूब, बल्ब, टीव्ही सगळं बंद. ‘अंधार होईल रे’ असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. दोन मिनिटांत डोळे सरावतात आणि मग खिडकीचा उजेड किती आहे ते त्यांनाही दिसायला लागतं.

खिडकी किंवा दार: किती अंतर, कुठला कोन

आता खरं काम. थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा. ऊन येत असेल तर पडदा ओढा. साधा पांढरा सुती पडदा, जुनं धोतर, मलमलची ओढणी, काहीही चालतं. उन्हाचा झोत त्या कापडावर अडतो आणि मग अख्खं कापडच दिवा बनतं. उजेड देणारी गोष्ट चेहऱ्याच्या मानाने जितकी मोठी आणि जितकी जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. आकाशातला सूर्य लांब असल्यामुळे इवलासा दिसतो, म्हणून त्याची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. चार फुटांची खिडकी माणसाजवळ असेल तर ती प्रचंड मोठी, म्हणून तिची सावली विरघळत जाते.

माणसाला खिडकीपासून साधारण खिडकीच्या रुंदीइतक्या अंतरावर बसवा. अगदी चिकटून बसवलं तर खिडकीकडचा गाल फार उजळतो आणि दुसरा एकदम काळोखात जातो. फार आत नेलं तर उजेड दोन्हीकडे सारखा होतो, पण कमी पडतो आणि डोळ्यांतली चमक जाते. दीड-दोन हातांच्या फरकाने चेहरा केवढा बदलतो ते एकदा खुर्ची मागेपुढे सरकवून बघाच.

कोनाचं म्हणाल तर तीन जागा करून बघा. पहिली, माणसाचं तोंड थेट खिडकीकडे आणि तुम्ही खिडकीला पाठ करून, तिच्या एका कडेला उभे. यात सुरकुत्या कमी दिसतात, लहान मुलांना आणि ‘माझा फोटो चांगला येत नाही’ म्हणणाऱ्यांना हे बरं. दुसरी, माणूस खिडकीला काटकोनात, म्हणजे अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. हे जोरकस दिसतं, पण प्रत्येक चेहऱ्याला शोभत नाही. तिसरी या दोन्हींच्या मधली, आणि मी दहांतल्या आठ वेळा तीच वापरतो. माणसाला खिडकीच्या काटकोनात बसवायचं आणि मग चेहरा हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगायचं. वळता वळता एका क्षणी सावलीतल्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. तिथे थांबवायचं. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या व्यक्तिचित्रांत हा त्रिकोण वारंवार दिसतो, म्हणून फोटोग्राफर याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात.

आणि डोळे बघा, आधी डोळेच बघा. बुबुळात खिडकीचं छोटं प्रतिबिंब, म्हणजे कॅचलाइट दिसला पाहिजे. तो नसेल तर बाकी सगळं जमूनही चेहरा थकलेला वाटतो. दिसत नसेल तर हनुवटी किंचित वर किंवा चेहरा किंचित खिडकीकडे, एवढ्याने तो येतो.

आजीचा फोटो मी कोकणातल्या घरी काढला. माजघरात दुपारीही अंधार, अंगणात ऊन रणरणतं. मी तिला म्हटलं, “आजी, जरा दारात बस ना, उंबऱ्यावर.” ती म्हणाली, “उंबऱ्यावर बसू नये रे.” आणि उंबऱ्याच्या हातभर आत पाट सरकवून बसली. मी कॅमेरा लावला आणि बघतच राहिलो, कारण नेमकी तीच जागा बरोबर होती. उंबऱ्यावर बसली असती तर वरचं आकाश थेट डोक्यावर आलं असतं. हातभर आत सरकल्यामुळे पडवीच्या उतरत्या छपराने आणि दाराच्या चौकटीने वरचा उजेड कापला आणि उरला तो समोरून, थोडा खालून, अंगणातून येणारा. अंगण शेणाने सारवलेलं, त्यापलीकडे जांभ्याचा गडगा. त्या लालसर मातीवर आपटून आलेला उजेड तिच्या गालांवर होता. मागे माजघराचा काळोख, त्यात पितळी समईची एक रेघ. पांढऱ्या केसांची कडा त्या काळोखावर एकेक केस मोजावा इतकी स्पष्ट.

तेव्हापासून कुठेही गेलो तरी मी हीच जागा आधी शोधतो: डोक्यावर छप्पर, समोर मोकळं आकाश, पाठीमागे अंधारी खोली. शहरात ती चाळीच्या गॅलरीत मिळते, दुकानाच्या शटरखाली मिळते, सोसायटीच्या पार्किंगच्या तोंडाशी मिळते. फ्लॅटच्या बाल्कनीला जाळी असली तरी बिघडत नाही. थेट ऊन नसेल तर गजांच्या सावल्या चेहऱ्यावर येत नाहीत.

सावलीची बाजू उचला, किंवा आणखी गडद करा

खिडकीच्या विरुद्ध बाजूचा गाल फार काळा पडत असेल तर त्या बाजूला काहीतरी पांढरं धरा. थर्माकोलचा तुकडा सगळ्यात चांगला, फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यातून निघतो. नसेल तर पांढरी चादर खुर्चीवर टाका, उशी मांडीवर ठेवा, वर्तमानपत्र पसरा. चेहऱ्यापासून दोन-अडीच फुटांवर आणून मागेपुढे करा, गाल उजळताना डोळ्यांना दिसतो. स्टीलचं ताट किंवा आरसा मात्र नको. त्याचा कवडसा पडतो आणि माणूस डोळे बारीक करतो.

उलट प्रकारही शिकण्यासारखा आहे. आजकालच्या फ्लॅटमध्ये सगळ्या भिंती पांढऱ्या, त्यामुळे उजेड चारी बाजूंनी आपटतो आणि चेहरा पिठासारखा सपाट दिसतो. तिथे सावलीच्या बाजूला काळं काहीतरी धरायचं. मी गावाकडून आणलेली काळी घोंगडी वापरतो. ती दाराच्या वरच्या कडेवर टाकली आणि माणसाच्या जवळ आणली की गालाला लगेच गोलाई येते. तीच घोंगडी पाठीमागे टांगली तर पार्श्वभूमीही होते. तिच्यावर उजेड चमकत नाही आणि कापडाचा खरखरीतपणा छान दिसतो.

पार्श्वभूमी

फार विचार नको. माणसाच्या मागे साध्यात साधी आणि चेहऱ्यापेक्षा गडद जागा हवी. कॅलेंडर, स्विचबोर्ड, डोक्यातून उगवलेली खुंटी, मागच्या दोरीवरचे कपडे हे आधीच काढून टाका किंवा दोन पावलं सरका. भिंतीला टेकवून बसवू नका. भिंत सहा फूट लांब असली की ती आपोआप अंधारते आणि थोडी धूसरही होते.

कॅमेरा आणि मोबाइल

कॅमेरा असेल तर ५० मिमीची एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं, उजेड जास्त आणि मागचं जास्त धूसर) पुरेशी आहे, ती स्वस्तही मिळते. ८५ मिमी असेल तर फारच छान. खिडकीजवळ ढोबळ सुरुवात अशी करा: एफ/२.८, शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/१२५ सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४००. फोटो काळा आला तर आयएसओ ८००, १६०० करायला अजिबात घाबरू नका. थोडे दाणे दिसले तरी चालतात, हललेला फोटो चालत नाही. लहान मूल असेल तर शटर १/२५० च्या खाली नेऊ नका. एफ/१.८ वर अगदी जवळून काढला तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो, म्हणून मी सहसा एफ/२.८ किंवा एफ/४ ठेवतो. फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. सोय असेल तर फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फारसे बदल न केलेल्या कच्च्या रूपात घ्या, नंतर रंग सुधारायला वाव राहतो.

मोबाइलवर सगळ्यात आधी लेन्स पुसा. खिशातल्या आणि बोटांच्या तेलामुळे खिडकीचा उजेड फोटोभर धुक्यासारखा पसरतो. मग अंतर. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्य टिपणारा असतो, जवळून काढलं तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फूट मागे उभे राहा आणि २एक्स वापरा. त्याहून जास्त झूम कमी उजेडात टाळा, कारण तेव्हा बरेच फोन मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र मोठं करून देतात.

स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा. फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) तिथे पक्के होतात. आता बोट खाली सरकवून फोटो किंचित गडद करा, गालाचा सगळ्यात उजळ भाग पांढरा पडणार नाही इतपत. मागचं आपोआप धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडचा मी फार चाहता नाही. तो मोकळे केस, चष्म्याची काडी, नथ, डोक्यावरच्या पदराची कड हे सगळं कधी कधी पार्श्वभूमी समजून पुसट करतो. वापरायचाच असेल तर एक फोटो त्यात आणि एक साधा, असे दोन काढा.

आणि ब्युटी फिल्टर बंद करा. आजीच्या सुरकुत्या जाऊन ती मेणाची दिसते, सावळ्या मुलीचा रंग दोन छटांनी उजळतो आणि तिला न विचारताच तिला काहीतरी सांगितलं जातं. मला याचा मनापासून त्रास होतो. काही फोनमध्ये हा फिल्टर आधीपासूनच चालू असतो, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एकदा खात्री करून घ्या.

सावळा रंग, पांढरी टोपी, चष्मा आणि नथ

कॅमेऱ्याला माणूस कळत नाही. समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून तो उजेड मोजतो. म्हणून पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागे पांढरी भिंत असलेल्या आजोबांचा चेहरा हमखास काळा येतो, आणि काळ्या घोंगडीसमोरचा चेहरा जास्त उजळ. पहिल्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), दुसऱ्या वेळी तेवढंच कमी करा. टोपी पांढरीशुभ्र झाली आणि तिची शिवण पुसली गेली तर थोडं मागे या. चेहरा आणि टोपी यांत निवड करायची वेळ आली तर मी चेहरा निवडतो.

सावळ्या आणि काळ्या त्वचेचं सौंदर्य तिच्यावरच्या चमकेत असतं. गोऱ्या चेहऱ्याला आकार सावलीने येतो, सावळ्या चेहऱ्याला तो चमकेने येतो. म्हणून मोठी खिडकी थोडी बाजूला ठेवा, म्हणजे गालाचं हाड, नाकाची कड आणि कपाळावर उजेडाचे लांब मऊ पट्टे उमटतात. घाम किंवा तेल असेल तर पंच्याने फक्त टिपून घ्या, पूर्ण कोरडं करू नका. पावडर तर मुळीच लावू देऊ नका. फोटोत ती राखाडी दिसते.

चष्म्यात खिडकी दिसत असेल तर चष्मा काढायला लावू नका. चष्म्याशिवाय तो माणूस घरच्यांना ओळखीचा वाटत नाही, आणि नाकावरचे वळ दिसतात ते वेगळंच. कानावरच्या काड्या अर्धा सेंटिमीटर वर उचला, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब निघून जातं. नाहीतर हनुवटी थोडी खाली, किंवा तुम्हीच एक पाऊल बाजूला.

नथीच्या मोत्यांवर खिडकी छान उमटते, ती राहू द्या. फक्त नथ ज्या नाकपुडीत आहे, म्हणजे सहसा डावीकडे, ती बाजू उजेडाकडे ठेवा.

माणसाला बसवणं

मागच्या पिढीतली माणसं कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहतात, हात खाली सोडून, चेहरा गंभीर. त्यांच्यासाठी फोटो ही मान राखून करायची गोष्ट होती. त्यांना लगेच ‘सहज बसा’ म्हणू नका. आधी त्यांना हवा तो फोटो काढा. नवं लुगडं नेसायचं असेल तर नेसू द्या, कोट घालायचा असेल तर घालू द्या, देवघरासमोर उभं राहायचं असेल तर तिथला एक घ्या. तो त्यांचा फोटो. मग म्हणायचं, “आता माझ्यासाठी एक काढू?”

त्यानंतर हातांना काम द्या. आजी तांदूळ निवडत बसली होती. मी गप्प उभा होतो. ती सुपात बघत होती तेव्हा पापण्या खाली, चेहरा सावलीत. मी एक प्रश्न विचारला, तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल. तिने मान वर करून अंगणाकडे बघितलं, उत्तर आठवायला. त्या दोन सेकंदांत दोन्ही डोळ्यांत दाराची चौकट उजळली आणि मी तीन फोटो घेतले. दुसरा फोटो हवा तसा आला. ‘हस ना’ म्हणून हे मिळालं नसतं. वाती वळणं, पान लावणं, शेंगा सोलणं, पोथी वाचणं, कुठलंही रोजचं काम चालतं. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, पाटावर बसलेल्या माणसासाठी तुम्हीही जमिनीवर बसा. आणि पंधरा-वीस मिनिटांत आटपा, म्हाताऱ्या माणसांची पाठ दुखते.

या बाबतीत एकोणिसाव्या शतकातली फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिची आठवण ठेवण्यासारखी आहे. ती १८१५ मध्ये कोलकात्यात जन्मली. पुढे इंग्लंडमध्ये राहत असताना १८६३ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने तिला पहिला कॅमेरा भेट दिला. तिने कोंबड्यांसाठी असलेल्या काचेच्या खोलीचा स्टुडिओ केला आणि नातेवाईक, शेजारी, घरातल्या मोलकरणी यांना त्या उजेडात बसवून फोटो काढले. त्या काळी एका फोटोसाठी माणसाला कितीतरी वेळ निश्चल बसावं लागे. आपल्याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, मग समोरच्या माणसाशी गप्पा मारायला वेळ काढायला काय हरकत आहे?

घराबाहेर: ऊन, ढग आणि वर्षाचे महिने

उघड्यावर फोटो काढायचा तर स्वतःच्या सावलीकडे बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे आणि उजेड कामाचा आहे. सावली पायाशी गोळा झाली असेल तर डोळ्यांच्या खोबण्यांत काळोख, नाकाखाली काळी मिशी. अशा वेळी झाडाखाली किंवा छपराखाली सरका.

पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली जवळजवळ नाहीशीच होते. तेच पुन्हा जुलैच्या शेवटाकडे. उलट डिसेंबरात ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो, सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढी पडते. म्हणजे मार्गशीर्ष-पौषात दुपारीही बऱ्यापैकी काम होतं, आणि वैशाखात सकाळी नऊनंतर उघड्यावर थांबण्यात अर्थ नाही.

याच कारणाने ‘उत्तरेची खिडकी निवडा’ हा सल्ला आपल्याकडे थोडा जपून घ्यावा. तो युरोपातून आलेला आहे. तिथे सूर्य दुपारभर दक्षिणेलाच असतो, म्हणून विजेच्या दिव्यांआधीचे स्टुडिओ उत्तरेकडे काच ठेवायचे. महाराष्ट्रात मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. जूनमध्ये तर तो दिवसभर उत्तरेकडेच असतो. तेव्हा उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ चक्क ऊन येतं. हिवाळ्यात मात्र हा सल्ला तंतोतंत खरा.

संध्याकाळचं सोनेरी ऊन सगळ्यांना आवडतं. आपल्याकडे सूर्य उतरतो बऱ्यापैकी सरळ, त्यामुळे ते फार वेळ टिकत नाही. शेवटची २५-३० मिनिटं धरून चाला आणि माणूस, कपडे, जागा सगळं त्याआधी तयार ठेवा. सूर्य माणसाच्या पाठीमागे ठेवला तर केसांना उजेडाची कड मिळते, पण चेहऱ्यासाठी समोर काहीतरी उजळ हवं. फिकट भिंत, वाळू, सिमेंटचा रस्ता, नाहीतर तुमच्या मागे कुणीतरी धरलेली पांढरी चादर. एक्स्पोजर चेहऱ्याचं घ्या, मागचं आकाश पांढरं झालं तर होऊ द्या. लेन्सवर ऊन पडत असेल तर दुसऱ्या हाताने वरून आडोसा करा.

पावसाळ्यातला ढगाळ दिवस पोर्ट्रेटसाठी उत्तम, असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. उजेड मऊ असतो, पण तो वरून येतो, त्यामुळे डोळे काळवंडतातच. इथेही आजीची जागाच शोधायची: छपराच्या कडेच्या हातभर आत, जिथे पागोळ्या समोर गळत असतात. हिरव्यागार शेतात किंवा दाट झाडीत चेहऱ्याच्या खालच्या बाजूला हिरवी झाक येते, ती नंतर काढणं कठीण. निळी ताडपत्री आणि लग्नाच्या मांडवाचं रंगीत कापड यांच्याखाली तर फोटो काढूच नका. नवरीला हात धरून मांडवाच्या कडेला आणा, दोन पावलं पुरतात.

आषाढात वारीच्या वाटेवर अनेक जण कॅमेरा घेऊन जातात. तिथल्या चेहऱ्यांचा मोह होणं स्वाभाविक आहे. पण थकून झाडाखाली टेकलेल्या माणसाच्या तोंडासमोर लेन्स नेऊ नका. “माऊली, एक फोटो काढू का?” एवढं विचारा. नाही म्हणाले तर हात जोडा आणि पुढे चला. हो म्हणाले तर त्यांच्याशेजारी बसा, पाणी द्या, आकाश कुठल्या बाजूला मोकळं आहे ते बघा आणि मग काढा. फोटो पाठवायचं कबूल केलंत तर पाठवा.

काढून झाल्यावर

त्याच दिवशी फोटो निवडा. वीसांतले दोन ठेवा. दुरुस्ती थोडीच: व्हाइट बॅलन्स असा करा की डोळ्यांचा पांढरा भाग किंवा पांढरे केस खरोखर पांढरे दिसतील, सावल्या किंचित उचला, कडेचं नको ते कापा. त्वचेला हात लावू नका. तीळ, वण, सुरकुती, गोंदण सगळं तिथेच राहू द्या.

मूळ फाइल दोन ठिकाणी जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकसतो आणि छपाईच्या कामाचा राहत नाही. ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण साडेआठ मेगापिक्सेल. आजच्या बहुतेक फोनना हे सहज जमतं. प्रिंट मॅट कागदावर घ्या, चकचकीत कागदावर समोरची ट्यूब दिसत राहते. मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहा.

आजीचा फोटो मी छापून तिच्या हातात दिला. तिने तो दारापाशी नेला, उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “अगदी आईसारखी दिसत्ये मी.” आम्ही कुणीच तिच्या आईला बघितलेलं नाही. तिचा एकही फोटो नाही.